चुनेवाल्या काकांचं एक मिनिट

कान तपासणाऱ्याचा आवाज त्याच्या रुग्णांनीसुद्धा कधी नीट ऐकला नव्हता. इस्पितळाच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या खोलीपलीकडे, त्याची खोली होती. भिंतींना फोम, दाराच्या कडेला दोन बोटं जाडीचं रबर, आणि मधोमध एक काच. काचेपलीकडे रुग्ण हेडफोन लावून बसायचा, अलीकडे हा. यानं यंत्रातून बारीक बारीक शिट्ट्या सोडायच्या, आणि ऐकू आली की त्यानं हातातलं बटण दाबायचं, एवढाच खेळ. काही लोक मात्र परीक्षेला बसल्यासारखे बसत आणि शिट्टी वाजो न वाजो, बटण दाबत सुटत. बहिरं ठरण्यापेक्षा खोटं ठरलेलं त्यांना परवडायचं. हा त्यांच्यावर रागवत नसे. काचेवर टकटक करून खुणेनं सांगे, थांबा, आधी वाजू तर द्या.

बावीस वर्षं हे काम करून त्याचा आवाज इतका खाली गेला होता की घरात तो पाणी मागायचा तेव्हा बायकोला वाटायचं, मनाशीच बोलतायत. सोसायटीच्या सभेत एकदा त्यानं दोन वाक्यं बोलून दाखवली, तर इतिवृत्तात त्याची नोंद 'गैरहजर' अशी झाली.

शनिवारी दुपारी मात्र याच माणसाचा भोंगा व्हायचा. भोंगा हे नाव त्याला फुटबॉलच्या मैदानावर पडलेलं, आणि पूर्वेच्या स्टँडमध्ये त्याचं खरं नाव विचारलं असतं तर सख्ख्या मेव्हण्यालाही क्षणभर आठवावं लागलं असतं. सातवी रांग, जिन्यालगतची खुर्ची याची, शेजारची मेव्हण्याची. सामना सुरू व्हायच्या आधी खेळाडू आपापल्या जागी उभे राहतात, पंच शिट्टी तोंडाशी नेतो आणि मैदानावर क्षणभर सामसूम होते. त्या क्षणावर याची मालकी होती. हा उभा राहायचा, दोन्ही हात तोंडाशी धरायचा आणि पाहुण्या संघाला विचारायचा, "पाहुणे, जागे आहात का?" त्यावर चार हजार लोकांचा स्टँड एका घशानं उत्तर द्यायचा, "निजलेत!"

यात विनोद फारसा नव्हता हे त्यालाही माहीत होतं. पण अकरा वर्षं झाल्यावर विनोदाला अर्थ असावा लागत नाही, तो वेळेवर यावा लागतो. एकदा तो तापानं घरी राहिला तेव्हा दहाव्या रांगेतल्या एका उत्साही माणसानं त्याच्याऐवजी आरोळी ठोकली. कुणी उत्तर दिलं नाही. त्या दिवशी संघ तीन गोलांनी हरला आणि दोष तापाला गेला.

ज्या शनिवारी हे सगळं झालं, त्याआधीच्या मंगळवारी चुनेवाले काका वारले. काका म्हणजे मैदानावर चुन्याच्या पांढऱ्या रेषा मारणारा माणूस. छत्तीस वर्षं ते चाकाचा डबा ढकलत मैदानभर फिरले. त्या क्लबात सरळ चालणारी एवढी एकच गोष्ट आहे, असं लोक म्हणायचे. क्लबानं ठरवलं की सामन्याआधी मिनिटभर स्तब्ध उभं राहायचं. तशी घोषणाही झाली, दोनदा झाली. नेमका तेव्हा आपला माणूस स्टँडखालच्या स्वच्छतागृहात हात वाळवत होता. तिथे हात वाळवायचं नवं यंत्र बसवलं होतं, त्याचा आवाज विमानासारखा. दुसरा कुणी असता तर हात पँटला पुसून निघाला असता. याला इस्पितळाची सवय, बोटाच्या पेरापेरांतून वाळवल्याशिवाय हलायचा नाही. दुसऱ्यांचे कान तपासून पोट भरणाऱ्या माणसानं घोषणा ऐकली नाही, ती अशी.

तो जिन्यानं वर आला तर समोर नुसत्या पाठी. सगळे उभे. टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता. मैदान दिसायला अजून चार पायऱ्या होत्या, पण त्याला बघायची गरजच वाटली नाही. त्याला वाटलं, उशीर झाला, आणि हे सगळे आपल्यासाठी थांबलेत. पुढे कितीतरी दिवस त्याला सगळ्यात जास्त लाज याच गोष्टीची वाटायची, की त्या क्षणी त्याचा ऊर भरून आला होता. त्यानं तिथूनच, पायरीवरूनच, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि आयुष्यातली सगळ्यात मोठी आरोळी ठोकली.

"पाहुणे, जागे आहात का?"

सवय वाईट असते. चाळीस-पन्नास लोकांच्या तोंडून 'निज' एवढं बाहेर पडलं आणि बाकीचं त्यांनी जिभेसकट चावलं. तेवढ्यात याच्या चार पायऱ्या चढून झाल्या होत्या. मधल्या वर्तुळात दोन्ही संघ माना खाली घालून उभे होते, आणि त्यांच्यापुढे एक म्हातारी बाई चौकटीतला फोटो छातीशी धरून उभी होती. फोटोतले काका हसत होते.

जिन्याच्या डाव्या हाताला लोखंडी जाळी होती आणि जाळीपलीकडे पाहुण्या गावाच्या दोनशे प्रेक्षकांचा कोपरा. आवाज त्या बाजूनं आला हे खरंच होतं. आधी कुणीतरी तिकडे बोट केलं, मग स्टँड फिरला, मग सगळं मैदान. मिनिट पुरं व्हायच्या आत बारा हजार माणसांनी गुन्हेगार शोधून काढला होता. मेव्हण्यानं याची बाही धरून याला खुर्चीपाशी ओढलं आणि ओठ न हलवता म्हणाला, "दाजी, खाली बघा." यानं खाली बघितलं. मग आजूबाजूला हुर्यो सुरू झाली, मूठ आवळून, जाळीकडे तोंड करून, आणि एकटा गप्प बसलेला माणूस उठून दिसेल असं याच्या मनात आलं. म्हणून यानंही तोंड वर केलं, जाळीकडे बघितलं आणि हुर्यो उडवली. चांगली खणखणीत उडवली.

सोमवारी वर्तमानपत्रात फोटो आला. जाळीपलीकडे पहिल्या रांगेत एक चष्मेवाला माणूस, स्तब्धतेच्या मिनिटात, आ वासून. त्याहून मोठा पुरावा काय हवा? माणूस पाहुण्या गावातल्या शाळेत चित्रकलेचा मास्तर निघाला. त्यांचं म्हणणं होतं की बस पहाटे पाचला निघाली होती आणि त्यांना जांभई आली. यावर लोक इतके हसले की क्लबाच्या शिस्त समितीला निर्णय घ्यायला सोपं गेलं. मास्तरांना मैदानावर आजन्म बंदी. त्यांनी फेरविचाराचा अर्ज केला, त्याची सुनावणी सामन्यापासून एकोणिसाव्या दिवशी ठेवली.

सातव्या रांगेला खरं काय ते माहीत होतं. पण पुढच्या शनिवारी रांग त्याच्याशी इतकी प्रेमानं वागली की त्याला पळून जावंसं वाटलं. कुणी न मागता चहा आणून दिला, कुणी पाठीवर हात ठेवला. मेव्हण्यानं सांगितलं की पाहुण्यांनी आपलीच आरोळी चोरून आपल्याच काकांची टर उडवली, हलकट लोक. यानं खालच्या आवाजात आठवण करून दिली की अरे, तू माझी बाही धरली होतीस.  मेव्हणा मैदानाकडे बघत म्हणाला, "खरं सांगू दाजी, मला आता तसं आठवतच नाही." तो खोटं बोलत नव्हता. ज्यांच्या तोंडून 'निज' बाहेर पडलं होतं त्यांना सगळ्यांनाच वेगळं आठवायला लागलं होतं, आणि एकट्याच्या आठवणीला सभेत कोण विचारतो?

शिट्टीआधीची सामसूम आली. स्टँड वाट बघत राहिला. याच्या घशातून काही निघालं नाही. लोकांनी तेही मनाच्या मोठेपणात जमा केलं, भोंगा काकांचं सुतक पाळतोय म्हणून.

इस्पितळात त्याचं लक्ष उडालं. एका आजोबांना त्यानं हेडफोन लावून बसवलं आणि शिट्टी सोडायचंच विसरला. पाच मिनिटांनी बघतो तर आजोबांनी नऊ वेळा बटण दाबलेलं. बायकोनं विचारलं, अहो, तब्येत बरी नाही का? हा म्हणाला, जरा पोट. तिनं आठवडाभर त्याला मऊ भात घातला, आणि न झालेल्या दुखण्याचा तो मऊ भात त्याला गिळता गिळेना.

सतराव्या दिवशी तो चुनेवाल्या काकांच्या घरी, काकूंकडे गेला. त्यानं ठरवलं होतं, आधी काकूंना सांगायचं, त्या देतील ती शिक्षा घ्यायची. काकूंनी चहा टाकला. चौकटीतला फोटो टेबलावर होता, त्याच्याकडे पाठ येईल अशी खुर्ची यानं धरली. काकूंना ऐकायला बरंच कमी येत होतं. डाव्या कानानं जवळजवळ नाहीच, हे याला चहाची साखर विचारतानाच कळलं. यानं त्या दिवसाचा विषय काढला तर त्या म्हणाल्या, मला बाबा काहीच ऐकू आलं नाही. सगळ्यांनी एकदम तिकडे माना वळवल्या एवढं दिसलं. मला वाटलं, माझ्याच हातातून फोटो कलंडला की काय, म्हणून मी तो आणखी घट्ट धरला.

यानं वाक्य जुळवून ठेवलं होतं, ते तोंडापर्यंत आलंही. पण काकूंचं बोलणं संपलं नव्हतं. म्हणाल्या, ते मास्तर येऊन गेले हो परवा. दोन बस बदलून आले. इथंच बसले होते, तुमच्याच खुर्चीत.

"काय म्हणाले?" यानं विचारलं.

"माफी मागितली."

"न केलेल्या गोष्टीची?"

"नाही, ओरडलो नाही म्हणाले. पण त्या मिनिटाला जांभई दिली, ती द्यायला नको होती, तेवढी पोटात घाला म्हणाले."

यानं चहा तसाच ठेवला. जे सांगायला आला होता ते सांगितलं, दोनदा सांगावं लागलं, दुसऱ्यांदा उजव्या कानाशी वाकून. काकूंनी त्याचा गार झालेला कप पुढे सरकवला. मग एवढंच म्हणाल्या, "मला सांगून काय उपयोग? मला तर तेव्हाही ऐकू आलं नव्हतं."

एकोणिसाव्या दिवशी तो इस्पितळातून अर्धी रजा टाकून क्लबाच्या कचेरीत हजर झाला. समिती म्हणजे तीन माणसं. त्यातले सेक्रेटरी बोलायचे आणि दोघं मान हलवायचे. समोर मास्तर, इस्त्रीचा शर्ट, मांडीवर पिशवी. यानं दारातच सांगून टाकलं की तो आवाज माझा होता. इतक्या हळू सांगितलं की सेक्रेटरींनी शिपायाला विचारलं, यांना काय हवंय? पुन्हा सांगितल्यावर त्यांनी याला चष्म्यावरून न्याहाळलं आणि विचारलं की तुम्हाला कुणी पाठवलं. पाहुण्यांनी? या आवाजात तुम्ही पलीकडच्या खुर्चीवरच्या माणसाला उठवू शकणार नाही. समिती म्हणून आम्ही पुराव्यावर चालतो. ओरडून दाखवा.

कचेरीत, दुपारी तीन वाजता, आपण ज्याचं नाव घालवलं त्या माणसासमोर ओरडून दाखवायचं. यानं मास्तरांकडे बघितलं. मास्तर पिशवीच्या बंदाकडे बघत होते. यानं हात तोंडाशी नेले, डोळे मिटले आणि विचारलं, "पाहुणे, जागे आहात का?"

तावदानं थरथरली. मान हलवणाऱ्या दोघांपैकी एकाचं पेन खाली पडलं. आणि शेजारच्या खोलीतून, टाइप करता करता, क्लबाच्या कारकुनानं मोठ्यांदा उत्तर दिलं, "निजलेत!"

त्यानंतर जी शांतता झाली ती मिनिटभर तरी टिकली असेल, आणि त्या कचेरीनं काकांना वाहिलेली तेवढीच खरी श्रद्धांजली.

सेक्रेटरींनी मास्तरांना बाहेर बसायला सांगितलं आणि याच्याशी अगदी घरच्यासारखे बोलले. म्हणाले, तुम्ही भले गृहस्थ आहात. पण तुम्ही दोषी म्हटलं तर ज्यांनी उत्तर दिलं तेही दोषी, ज्यांनी हुर्यो उडवली तेही, आणि खोटं कशाला बोला, मी स्वतः बोट केलं होतं. बारा हजार लोकांवर बंदी घातली तर खेळायचं कुणापुढे? म्हणून असं करू. पंधरा मिनिटांत कागद टाइप होऊन आला, त्याच कारकुनानं टाइप केलेला. पुराव्याअभावी बंदी मागे घेण्यात येत आहे. आवाज कुणाचा होता हे निष्पन्न होऊ शकले नाही.

बाहेर मास्तरांनी कागद दोनदा वाचला, चार घड्या करून पिशवीत ठेवला. यानं माफी मागितली, हात जोडून, वाकून, जेवढी मागता येते तेवढी. मास्तर ऐकून घेत होते आणि यांत्रिकपणे बरं, बरं म्हणत होते. मग म्हणाले की माझं काही नाही हो, मी मैदानावर पुन्हा यायचोच नव्हतो. माझी मुलगी त्या दिवशी शेजारी बसली होती. बाबा ओरडले नाहीत, जांभई देत होते, हे ती वर्गात सांगत राहिली. मी शिकवतो त्याच शाळेत सातवीत आहे. मुलं तिला खोटारडी म्हणतात. कुणी तिच्या बाकाजवळून गेलं की आ वासून जांभई देतं. आता हा कागद नेऊन दाखवला तरी त्यात मी ओरडलो नाही असं कुठे लिहिलंय?

मुलगी कचेरीच्या पायरीवरच बसली होती, शाळेच्या दप्तरासकट. यानं खाली बसून, तिच्या डोळ्यांच्या पातळीला येऊन सांगितलं की तुझे बाबा ओरडले नाहीत, मी ओरडलो.

तिनं याच्याकडे जरा आश्चर्यानंच बघितलं. "मला काय सांगता? मी तर तिथंच होते. वर्गात येऊन सांगा."

अशा रीतीनं सोमवारी सकाळी, चोपन्न वर्षांचा एक माणूस, दाढी करून, स्वच्छ शर्ट घालून, सातवीच्या वर्गात फळ्यापुढे उभा राहिला. बायकोला आदल्या संध्याकाळी सगळं सांगितलं होतं. ती एवढंच म्हणाली होती, मग ते पोट? वर्गशिक्षिकेनं ओळख करून दिली, हे काका तुम्हाला काहीतरी सांगणार आहेत, शांत बसा. मुलं शांत बसली. मुलगी खिडकीकडच्या दुसऱ्या बाकावर होती, एकटी.

यानं सांगायला सुरुवात केली. दुसऱ्या वाक्याला मागच्या बाकावरून आवाज आला, ऐकू येत नाही. यानं आवाज वाढवला. पुन्हा तेच. शेवटी आपण काय केलं ते चांगलं मोठ्यानं, शब्द सुटे सुटे करून सांगावं लागलं, इतकं मोठ्यानं की शेजारच्या वर्गाच्या बाई दारात डोकावून गेल्या.

मग प्रश्न सुरू झाले. एकानं ओरडून दाखवायला सांगितलं. हा नाही म्हणाला. एका वेणीवालीनं विचारलं, तुम्हाला शिक्षा काय झाली? काही नाही, यानं सांगितलं. वर्गात चुळबुळ झाली, हे कुणालाच पटलेलं दिसेना. एकीनं विचारलं, मग तेव्हाच का नाही सांगितलं?

"घाबरलो," हा म्हणाला. याला वाटलं मुलं हसतील, पण दोन-तीन जणांनी ओळखीचं काही ऐकल्यासारखी मान हलवली.

इथं थांबला असता तरी चाललं असतं. वर्गशिक्षिका उठायच्या बेतात होती. पण पहिल्या बाकावरच्या एका चष्मेवाल्यानं, नुसतीच माहिती म्हणून, विचारलं की सगळे हुर्यो उडवत होते तेव्हा तुम्ही काय करत होता. हे आजवर कुणीच विचारलं नव्हतं, समितीनं नाही, काकूंनी नाही, बायकोनंही नाही, आणि यानंही कुणाला सांगितलं नव्हतं.

"मीपण उडवली," यानं सांगितलं.

खिडकीकडे बाक सरकल्याचा आवाज झाला. मुलगी उभी राहिली होती. आधी माहीत नसलेलं काही ती प्रथमच ऐकत होती, हे तिच्या तोंडावर दिसत होतं.

"आमच्याकडे बघून?"

"हो."

"मी दिसत होते?"

हा नाही म्हणू शकला असता. चार हजारांच्या स्टँडमधून, जाळीपलीकडचं एक मूल दिसलं नाही, यावर कोण विश्वास ठेवणार नाही? "दिसत होतीस," तो म्हणाला. "कानांवर हात ठेवून बसली होतीस."

ती खाली बसली. पुस्तक उघडून त्यात बघत राहिली, पान न उलटता. वर्गशिक्षिकेनं विचारलं, अजून कुणाला काही विचारायचंय का? कुणाला विचारायचं नव्हतं. जाऊ का, हे कुणाला विचारायचं ते याला कळेना, आणि जा असं कुणी म्हणालं नव्हतं, म्हणून हा फळ्यापुढे तसाच उभा राहिला.